निवृत्तीनंतरचे बिऱ्हाड : भाड्याचे की मालकीचे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा संतवाङ्मयाची किंवा नाट्यसंगीताची असावी. ‘निवृत्तीनंतर राहायचे कोठे, आणि भाड्याने की विकत घेऊन’ हा माझा विषय ऐकून ते क्षणभर स्तब्ध झाले. तथापि या सभागृहात पन्नाशी ओलांडलेली जी मंडळी बसली आहेत, त्यांच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर याच विषयाची चर्चा चालते, हे मला ठाऊक आहे; कारण ती माझ्याही घरी चालते. मी बी. ए. पर्यंत शिकलेला सरकारी अधिकारी आहे. अर्थशास्त्राचा पंडित नाही आणि घरांचा दलाल तर नाहीच. परंतु तीसएक वर्षे सरकारी नियमांच्या सहवासात काढल्यामुळे आपल्या हाती काय पडते आणि केव्हा पडते, एवढे मांडून दाखवू शकेन असे वाटते.

दिल्लीत आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य सरकारी क्वार्टरात गेले. रामकृष्णपुरम्, सरोजिनीनगर, किदवईनगर, लोदी कॉलनी ही नावे आपल्या मुलांना आपल्या मूळ गावांच्या नावांहून अधिक परिचयाची आहेत. पगारातून किरकोळ लायसन्स फी कापली जाई, नळ बिघडला की चौकशी कार्यालयात तक्रार नोंदवावी, दर काही वर्षांनी चुना-रंग व्हावा, असा हा संसार. यामुळे घराची किंमत म्हणजे काय याचा अनुभवच आपल्याला आला नाही. साठाव्या वर्षी, निवृत्तीनंतरच्या काही महिन्यांच्या मुदतीत, आपण प्रथमच बाजारात उभे राहतो, आणि बाजार तर विशीपासून त्यात वावरणाऱ्यांचा असतो. २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर यांसह सात वसाहतींच्या पुनर्बांधणीचा निर्णय घेतला. ज्या दुमजली क्वार्टरांच्या अंगणात आपण तुळस लावली होती, त्यांपैकी कितीतरी आता पाहायलाही उरली नाहीत. तेथे परतून जाण्याचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटला.

आपल्या भाषेत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ हे दोन शब्द वेगळे आहेत. बिऱ्हाड म्हणजे दुसऱ्याच्या जागेतला आपला संसार. नोकरीसाठी मुलूख सोडलेल्या माणसाचे बिऱ्हाड असावे यात कोणाला काही वावगे वाटत नसे. पण म्हातारपणीही बिऱ्हाडच, हे ऐकले की नातेवाइकांच्या चेहऱ्यावर अनुकंपा उमटते. ही अनुकंपा मला अनाठायी वाटते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील माणसे काशीवासाला जात, तेव्हा ती तेथे वाडे विकत घेत नसत. गंगेच्या काठी कोणाच्या तरी वाड्यात एक-दोन खोल्या घेऊन ती उरलेले दिवस काढीत, आणि गावात त्यांची प्रतिष्ठा त्याने कमी होत नसे. तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ हा मुद्दा आज आपण बाजूस ठेवू.

पहिला प्रश्न शहराचा आहे, घराचा नंतर. पुष्कळांची तिशीपासूनची प्रतिज्ञा असते की निवृत्त झालो की पुण्याला जायचे, किंवा कोकणातल्या गावी जायचे. ज्यांची भावंडे तेथे आहेत, ज्यांचा पत्रव्यवहार आणि जाणेयेणे अखंड राहिले आहे, त्यांनी अवश्य जावे. परंतु पस्तीस वर्षांनी पुण्याला गेलेल्या माझ्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी मला सांगितले की तेथल्या सोसायटीत ते ‘दिल्लीवाले’ म्हणून ओळखले जातात, आणि गणपतीत मात्र त्यांना या मंडळाची आठवण येते. येथे मराठी म्हणून ओळख, तेथे दिल्लीकर म्हणून, असा हा चमत्कार आहे. त्यांनी हे हसत सांगितले, तरी त्यांच्या पत्नी हसत नव्हत्या.

औषधपाण्याचा विचार याहून कोरडा, पण अधिक निर्णायक आहे. सी. जी. एच. एस. ची योजना ठरावीक शहरांतच चालते. दिल्लीत तिचे दवाखाने वस्तीवस्तीत आहेत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत आहेत. दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरली की निवृत्तास आजीव कार्ड मिळते. योजनेच्या क्षेत्राबाहेर, तालुक्याच्या गावी जो राहील आणि बाह्यरुग्ण सेवा घेणार नाही, त्याला त्याऐवजी ठरावीक वैद्यकीय भत्ता मिळतो. २०१७ मध्ये तो दरमहा १,००० रुपये झाला. मधुमेह आणि रक्तदाब या दोघांना एक हजारात सांभाळून पाहावे! उलट दिल्लीचा नोव्हेंबरातील धूर ज्याच्या छातीला सोसत नाही, त्याने येथे कितीही दवाखाने असले तरी राहू नये. काही जणांना सोलन-सिमल्याकडे डोंगरात छोटे घर बांधावेसे वाटते. त्यांनी हिमाचल प्रदेशाच्या १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याचे ११८ वे कलम आधी वाचावे. तेथला शेतकरी नसलेल्यास सरकारी परवानगीवाचून जमीन घेता येत नाही.

एवढे सगळे तोलून शहर ठरवणे कागदावर होत नाही. म्हणून माझे मत असे की ज्या गावी कायमचे राहावे असे वाटते, तेथे प्रथम वर्ष-दोन वर्षे भाड्याने राहावे. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक आजारपण आणि एक दिवाळी तेथे काढावी. नव्या गावी जाऊन पहिल्या सहामाहीत घेतलेले घर पुष्कळदा गैरसोयीचे निघते. विकताना दलाली आणि पुन्हा घेताना मुद्रांकशुल्क, नोंदणी व पुन्हा दलाली, असा भुर्दंड बसतो. तो दोन वर्षांच्या भाड्याहून सहज मोठा होतो.

आता आकड्यांकडे वळू. जुन्या निवृत्तिवेतन योजनेतल्या, म्हणजे २००४ पूर्वी सेवेत आलेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. अखेरचे मूळ वेतन १,००,००० रुपये, आणि गणित सोपे व्हावे म्हणून महागाई भत्ता पन्नास टक्के धरू. मूळ निवृत्तिवेतन ५०,००० झाले. त्यातील चाळीस टक्के, म्हणजे २०,००० रुपये, त्याने विकले, तर साठाव्या वर्षी ८.१९४ या गुणकाने त्याला १९ लाख ६६ हजार मिळतात. पूर्ण सेवा झालेली असल्यास उपदान २४ लाख ७५ हजार; १ जानेवारी २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा २५ लाख आहे. शिल्लक रजेचे तीनशे दिवस असतील तर १५ लाख. एकूण सुमारे साठ लाख, अधिक भविष्यनिर्वाह निधीत जे साठले असेल ते. आयुष्यात एकदाच येणारी ही रक्कम आहे, आणि ती येण्याआधीच तिच्यावर डोळा ठेवून बसलेली माणसे असतात. त्यांत बिल्डर आहेत, विमा एजंट आहेत, आणि क्षमा करा, कधीकधी जावईही असतात.

दिल्लीच्या बऱ्या वस्तीत दोन खोल्यांचा आणि दिवाणखान्याचा फ्लॅट एक कोटीला मिळतो असे समजू. तसाच फ्लॅट भाड्याने घेतला तर भाडे पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे किमतीच्या वार्षिक तीन टक्के. आपल्या मोठ्या शहरांत भाड्याचे किमतीशी प्रमाण सर्वसाधारणपणे असेच दोन-तीन टक्के असते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून एका व्यक्तीला ३० लाख ठेवता येतात. त्या वर्षीच्या एप्रिलपासून तिचा दर ८.२ टक्के झाला. त्या दराने ३० लाखांचे मासिक व्याज २०,५०० रुपये होते. एवढे पाहून भाड्याच्या बाजूचा वकील म्हणेल की तीस लाखांच्या व्याजात घर बहुतांशी सुटते, मग एक कोटी अडकवता कशाला? पहिल्या वर्षापुरते त्याचे म्हणणे खरे आहे. पण व्याज पाच वर्षे एका जागी उभे असते आणि भाडे चालत असते. दरसाल सात टक्के वाढ धरली तर पंचवीस हजारांचे भाडे दहा वर्षांत एकोणपन्नास हजारांवर जाते. शिवाय व्याजावर प्राप्तिकर आहेच.

येथपर्यंतचे गणित पुष्कळ जण करतात. पुढचे गणित मात्र कोणी करताना दिसत नाही, आणि त्यासाठीच मी हा विषय निवडला. आपण भाडे परवडते की नाही हे आपल्या निवृत्तिवेतनावरून ठरवतो. परंतु त्या घरात शेवटपर्यंत राहणारी व्यक्ती बहुधा आपण नसतो. आपल्या पिढीत पत्नी वयाने धाकटी असते आणि स्त्रिया सरासरीने अधिक जगतात. तेव्हा घराचा निर्णय तिच्या उत्पन्नावर बेतला पाहिजे.

ते उत्पन्न असे. निवृत्त माणूस वारल्यास पत्नीला वाढीव दराने कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. त्याची मुदत मृत्यूनंतर सात वर्षे, किंवा पती सदुसष्ट वर्षांचा झाला असता तो दिवस, यांपैकी जे आधी येईल तोवर. त्यानंतर ते अखेरच्या मूळ वेतनाच्या तीस टक्क्यांवर येते. म्हणजे पती सत्तराव्या वर्षी गेला तर वाढीव दराचा प्रश्नच उरत नाही. आपल्या उदाहरणात पतीच्या हाती विक्रीनंतरचे ३०,००० आणि पूर्ण पन्नास हजारांवरील महागाई मदत २५,००० मिळून ५५,००० येत होते. पत्नीच्या हाती ३०,००० आणि त्यावरची महागाई मदत १५,००० मिळून ४५,००० येतील. पंधरा वर्षे पुरी होऊन विकलेला हिस्सा पुन्हा सुरू झाल्यावर पतीचे ७५,००० होतात, आणि त्यानंतर तो गेला तर घसरण एकदम तीस हजारांची असते. महागाई मदत पुढे वाढेल, ऐंशीव्या वर्षानंतर मूळ रकमेत वीस टक्के भरही पडेल, हे खरे. तरीही उतारवयातल्या एकट्या स्त्रीला, औषधे आणि मदतीला ठेवलेली बाई यांचा खर्च वाढत असताना, उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक भाड्यात द्यावे लागेल अशी व्यवस्था आपण आज करून ठेवतो आहोत काय, हे प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावे. त्या वेळी तिला शेजारही उपयोगी पडणार आहे, आणि शेजार दर दोन वर्षांनी बदलता येत नाही.

यमुनेपलीकडच्या एका वस्तीतील आपल्यातल्याच एका भगिनींची हकीकत सांगतो. नावगाव सांगत नाही. पती वारले तेव्हा दोघे नऊ वर्षे एकाच भाड्याच्या घरात राहत होते आणि घरमालकाशी घरोबा होता. पण करारनामा एकट्या पतीच्या नावाचा होता, अकरा महिने संपत आले होते, आणि मालकाच्या मुलाला ते घर हवे होते. कोणी अन्याय केला असे म्हणता येणार नाही. मात्र चौदाव्याचे पाहुणे परतले नाहीत तोच त्यांना घरे पाहत फिरावे लागले. प्रत्येक ठिकाणी दलालाचा पहिला प्रश्न असे, “माताजी, अकेली रहेंगी?”

म्हणून जे भाड्याने राहणार आहेत त्यांनी करार दोघांच्या नावाने करावा. त्याला एक पैसाही अधिक लागत नाही. आपण सर्रास अकरा महिन्यांचा करार करतो, त्याचे कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो खर्च सोसून दोन-तीन वर्षांचा नोंदणीकृत करार, वाढीचा दर आधीच लिहून, करून घेणे वृद्धांच्या हिताचे आहे. १९५८ च्या दिल्ली भाडेनियंत्रण कायद्याच्या आधाराने स्वस्थ बसणारे काही जण अजून भेटतात. १९८८ च्या दुरुस्तीनंतर दरमहा साडेतीन हजारांहून अधिक भाड्याच्या जागांना तो कायदा लागू नाही, तेव्हा आजच्या भाड्यांना तो असून नसल्यासारखा आहे. २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. पण तो नमुना आहे, आणि जे राज्य तो स्वीकारील तेथेच त्याचा उपयोग. बाकी पोलीस पडताळणीचा कागद आहेच. पस्तीस वर्षे सरकारची गुपिते सांभाळलेल्या माणसाने पासष्टाव्या वर्षी ठाण्यावर आपल्या सभ्यपणाची नोंद करावी, यातली गंमत ज्याची त्याने घ्यावी.

विकत घेणाऱ्यांसाठी माझे सांगणे थोडे अधिक सावधगिरीचे आहे. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण तरुणांसाठी आहे. साठीनंतर घर तयार असलेलेच घ्यावे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पैसे गुंतवून भाडेही भरत राहिलेली कितीतरी कुटुंबे दिल्लीच्या शेजारी नोएडा आणि ग्रेटर नोएडात आहेत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तेथल्या एका मोठ्या समूहाची नोंदणी रद्द करून अपुरी घरे पुरी करण्याचे काम सरकारी कंपनीकडे सोपवावे लागले. २०१६ च्या रेरा कायद्याने खरेदीदाराला आधार दिला हे निश्चित, परंतु तक्रार करून निकालाची वाट पाहायला जी वर्षे लागतात, ती आपल्याजवळ मोजकीच उरलेली असतात. तयार घरातही कागद पाहावेत. निव्वळ मुखत्यारपत्रावर झालेली विक्री मालकी देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. दिल्लीत तशी घरे आजही स्वस्त म्हणून पुढे केली जातात. नोएडातील जमीन नव्वद वर्षांच्या पट्ट्याची असते, तिच्या हस्तांतराला प्राधिकरणाची परवानगी आणि शुल्क लागते, हेही आधी हिशेबात धरावे.

आणि मजला! विकास प्राधिकरणाच्या जुन्या चौमजली इमारतींना बहुधा लिफ्ट नाही. वरचा मजला स्वस्त मिळतो म्हणून साठाव्या वर्षी आनंदाने घेतलेले घर पंचाहत्तराव्या वर्षी तुरुंग होते. अशा घरातील एक वृद्ध जोडपे मला ठाऊक आहे. भाजीची पिशवी ते दोरीने वर ओढून घेतात, आणि मंडळाच्या कार्यक्रमांना त्यांनी येणे सोडले आहे. पायऱ्यांचा हिशेब कोणत्याही गुंतवणुकीच्या पुस्तकात नसतो. तळमजला मिळत असेल तर दिवाणखाना थोडा लहान चालेल.

घरासाठी सर्व पुंजी रिकामी करणे मला मान्य नाही. घराच्या किमतीखेरीज निदान वीस-पंचवीस लाख दोघांच्या नावे बाजूला राहत नसतील तर लहान घर घ्यावे, दूरच्या वस्तीत घ्यावे, किंवा भाड्याने राहावे. सेवेची काही वर्षे उरली आहेत त्यांनी सरकारी गृहनिर्माण अग्रिमाचा विचार करावा. २०१७ च्या नियमांप्रमाणे चौतीस महिन्यांचे मूळ वेतन किंवा २५ लाख, यांपैकी कमी असेल तेवढे मिळू शकते. अर्थात फेडण्याची ताकदही पाहिली जाते. घर आहे पण रोख नाही अशा वृद्धांसाठी २००७ पासून उलट गहाणाची योजना आहे. स्वतःच्या घरात राहून बँकेकडून दरमहा रक्कम घ्यावी, आणि दोघांच्या पश्चात बँकेने घरातून वसुली करावी, अशी ती कल्पना. आपल्याकडे ती रुजली नाही, कारण मुलांना घर ठेवून जायचे असते. मुले परदेशात स्वतःची घरे घेऊन स्थिर झालेली असतात ती गोष्ट वेगळी!

परदेशातील मुलांकडे कायमचे जाण्याचा विचार करणाऱ्यांची संख्या आपल्या मंडळातही वाढत आहे. तेथे घर विकत घेण्याच्या भानगडीत आपण पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुष्कळ ठिकाणी ते करताही येत नाही. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परकीयांना राहते घर घेण्यास बंदी केली आणि पुढे तिची मुदत २०२७ च्या आरंभापर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी परकीयांना जुनी घरे घेण्यास मनाई केली. अमेरिकेत घर घेता येते, पण घर घेतल्याने तेथे राहण्याचा हक्क मिळत नाही, आणि पर्यटक म्हणून एका वेळी साधारणतः सहाच महिने राहू देतात. आपले निवृत्तिवेतन रुपयांत आणि तेथला खर्च डॉलरांत, हा विषम सामना आहे. मुलाकडे राहावे, किंवा जवळपास भाड्याने राहावे. मात्र जाण्यापूर्वी येथले घर विकू नये. चार-पाच वर्षांनी परत आलेली जोडपी आपण पाहिली आहेत. परतल्यावर त्यांना त्याच वस्तीत घर घेणे शक्य झाले नाही.

मी स्वतः काय करणार, असे चिटणीसांनी येथे येण्यापूर्वीच विचारले. माझ्या सेवेची अजून काही वर्षे आहेत. पत्नीशी बोलून आम्ही असे ठरवले आहे की क्वार्टर सोडल्यावर दोन वर्षे द्वारकेत, मेट्रोच्या जवळ, दोघांच्या नावाच्या करारावर भाड्याने राहायचे. त्यानंतर, तेथे मन रमले तर, पहिल्या मजल्याच्या वर न जाता लहानसे घर घ्यायचे, आणि खरेदीखतात पहिले नाव तिचे घालायचे. गावच्या घरातील हिस्सा विकायचा नाही यावर तिचे आणि माझे एकमत अद्याप झालेले नाही. तिच्या मते तो विकावा, कारण गेल्या अकरा वर्षांत आम्ही तेथे एकूण तेवीस दिवस राहिलो. तिने ते मोजले आहेत.

नामनिर्देशन, मृत्युपत्र आणि कुटुंबनिवृत्तिवेतनाचे अर्ज यांविषयी प्रश्न असतील, तर मी त्यांचे नमुने बरोबर आणले आहेत. ते ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवतो. ज्यांना हवेत त्यांनी, आणि विशेषतः भगिनींनी, ते पाहून जावेत.